फिक्या चांदण्या

"माझ्या चांदण्या हलल्या नाही पाहिजेत," पद्मजा म्हणाली. "गाणी एकवेळ परत मिळतील, चांदण्या मिळायच्या नाहीत."

हे ती तिसऱ्यांदा सांगत होती. मे महिन्यातला रविवार, सकाळचे दहा. मुलगी सुटीला मामाकडे गेलेली. टेबलावर डाव्या हाताला आमचा नऊ वर्षांचा जुना कॉम्प्युटर होता, तो सुरू होईपर्यंत चहा करून पिऊन व्हायचा. उजव्या हाताला नवा होता, त्याच्या पडद्यावरचं प्लॅस्टिकसुद्धा अजून काढलेलं नव्हतं.

"बावीस गावांच्या दुधाच्या याद्या मी एका मशीनवरनं दुसऱ्यावर नेल्यात," मी म्हणालो. "एका माणसाचं नाव इकडचं तिकडं झालं नाही."

"तुमच्या याद्यांत दूध असतंय. ह्यात मी आहे."

"बरं बाई."

"आणि ते फिक्या चांदण्यांचं तेवढं लक्षात..."

"माहीत आहे ग मला सगळं. जा तू, आमटी बघ."

मला काहीही माहीत नव्हतं. पण मी तेव्हा जयसिंगपूरजवळच्या एका दूध संघात कॉम्प्युटर विभागाचा प्रमुख होतो. प्रमुख म्हणजे विभागात मी एकटाच होतो, पण दारावर पाटी होती. असा माणूस बायकोला 'म्हणजे काय ग' असं विचारत नाही.

पद्मजा शाळेत भूगोल शिकवायची आणि घरी आली की गाणी ऐकायची. ऐकायची म्हणजे नुसती ऐकायची. तांदूळ निवडत नाही, वह्या तपासत नाही, हात मांडीवर ठेवून बसून राहायची. गाणं संपलं की त्याला चांदण्या द्यायची, एकीपासून पाचांपर्यंत. भावगीतं, नाट्यपदं, कानडी भजनं, जुनी हिंदी गाणी, सगळी मिळून चार हजारांवर गाणी होती आणि जवळजवळ प्रत्येकाला तिच्या हातच्या चांदण्या होत्या. हात मात्र फार आखडता. पाच चांदण्यांना तिचा एक नियम होता. गाणं संपल्यावर लगेच दुसरं लावावंसं वाटलं नाही, नुसतं बसून राहावंसं वाटलं, तर पाच. नऊ वर्षांत अशी एक्केचाळीसच निघाली होती. हा आकडा ती पाहुण्यांना कौतुकानं सांगायची.

माझं आवडतं एक गाणं होतं, त्याला तिनं दोन दिल्या होत्या.

"दोनच? कॉलेजपासून आवडतं मला ते."

"मग तुम्ही पाच द्या. माझ्याकडनं दोन."

"तिसरी दिलीस तर काय बिघडतंय?"

"तुमच्या संघात ओळखीच्या माणसाची फॅट वाढवून लावता काय?"

नाही लावत. सख्ख्या मेहुण्याच्या दुधालासुद्धा मशीन दाखवेल तीच फॅट लागते.

आता तेरदाळे सरांचं सांगायला हवं. मी त्यांच्यावर जळायचो. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सोपं जाईल.

ते पद्मजाच्या शाळेत संगीत शिकवायचे. पन्नाशीला आले तरी डोक्यावर भरपूर केस, इस्त्रीचा झब्बा, आणि बोलणं असं सावकाश की समोरच्यानं आपलं काम बाजूला ठेवून ऐकावं. महिन्यातून एकदा ते पेनड्राइव्ह खिशात घालून आमच्याकडे यायचे. कुठून कुठून मिळवलेली जुनी गाणी पद्मजाला द्यायचे. चहा व्हायचा. माझ्याशी ते पाऊसपाण्याचं बोलायचे आणि तिच्याशी गाण्याचं. मधेच एखादी ओळ हलकेच म्हणून दाखवायचे, आणि पद्मजा कपबशी हातात तशीच धरून ऐकत राहायची.

"सरांच्या आवाजात ओल आहे," ती एकदा म्हणाली.

ओल म्हणजे पाणी. पाणी लागलेलं दूध आम्ही कॅनसकट परत पाठवतो.

बायकोवर माझा संशय नव्हता. संशय असता तर निदान भांडता आलं असतं. तिच्या कानांत तो माणूस होता आणि मी नव्हतो, एवढंच होतं. ह्यावर भांडायचं कसं? मला गाता येत नाही, सूर कळत नाही, ताल धरायला गेलो तर शेजारचा माणूस टाळी वाजवायची थांबतो. आमच्या लग्नाला तेव्हा सोळा वर्षं झाली होती, आणि ज्या जागी ती सगळ्यात जास्त रमायची तिथं मला दारातच उभं राहावं लागायचं.

तर त्या रविवारी मी कामाला लागलो. अडचण अशी होती की जुना गाण्यांचा प्रोग्राम नव्या कॉम्प्युटरवर चालत नव्हता. तो बनवणारे लोक कधीच धंदा गुंडाळून बसले होते. नवा प्रोग्राम चांगला होता, पण चांदण्या काही गाण्याच्या फाइलीत नसतात. त्या त्या प्रोग्रामच्या पोटात असतात. नुसती गाणी उचलून नेली असती तर ती कोरी आली असती, आणि पद्मजाला पुन्हा नऊ वर्षं बसावं लागलं असतं.

मी वाट काढली. जुन्या प्रोग्रामकडून सगळ्या गाण्यांची एक साधी यादी काढून घेतली. प्रत्येक ओळीत गाण्याचं नाव, अल्बम, फाइल कुठं आहे ते, आणि शेवटी चांदण्यांचा आकडा. एका चांदणीला वीस, दोनला चाळीस, असं करत पाचला शंभर. ही यादी वाचून नव्या प्रोग्रामात एकेका गाण्यासमोर चांदण्या टाकणारा छोटासा प्रोग्राम मी स्वतः लिहिला. मला त्याचा अभिमान वाटत होता. पद्मजाच्या गाण्यांच्या जगात मी पहिल्यांदाच काही उपयोगाचा ठरणार होतो.

यादी हातात आली की ती आकड्याप्रमाणे लावून बघायची ही माझी धंद्याची सवय. जास्त फॅटवाले वर, कमी फॅटवाले खाली. तशीच ही लावली. शंभरवाल्या ओळी वर आल्या आणि मी सहज मोजल्या. एक्केचाळीस असायला हव्या होत्या.

सत्तावन्न होत्या.

मी परत मोजल्या. मग नीट वाचल्या. वेगवेगळ्या अल्बममधली एकेक, दोन दोन गाणी होती, आणि मधे सलग सतरा ओळी एकाच अल्बमच्या. अल्बमचं नाव 'रौप्यमहोत्सव'. गाण्यांना नावं नव्हती, नुसते आकडे, एक ते सतरा.

हा अल्बम मला माहीत होता. सहा वर्षांपूर्वी शाळेच्या रौप्यमहोत्सवात तेरदाळे सर दोन तास गायले होते. त्याची सीडी त्यांनी स्वतः पद्मजाला आणून दिली होती, वर शाईच्या पेनानं 'मॅडमना, सप्रेम' असं वळणदार अक्षरात लिहिलेली.

सतराच्या सतरा शंभर.

माझी कानशिलं तापल्यासारखी झाली. जिचा हात मला एक चांदणी वाढवून द्यायला धजावत नव्हता, तिनं त्या माणसाला ओंजळीनं दिल्या होत्या. आणि वर पाहुण्यांना एक्केचाळीस सांगत होती. म्हणजे ह्या लपवलेल्या. नियम काय होता? गाणं संपल्यावर नुसतं बसून राहावंसं वाटलं तर पाच. सतरा वेळा ती त्याचं गाणं ऐकून अशी बसून राहिली होती, ह्याच खुर्चीवर, मी संघात याद्या छापत असताना.

सत्तावन्नातून सतरा गेले की चाळीस उरतात, एक्केचाळीस नव्हे. एकाचा फरक येत होता. संघात एका लिटरचा फरक आला तर तो सापडेपर्यंत मी जेवायला उठत नाही. त्या दिवशी उठलो.

ताटावर बसल्यावर मी विचारलं, "तेरदाळे सरांची गाणी कुठं ठेवलीस ग? यादीत दिसली नाहीत."

"रौप्यमहोत्सवात आहेत की," ती म्हणाली. "अहो, ते तेवढं जपून आणा हां. सीडी खराब झालीय केव्हाच. फक्त ह्या कॉम्प्युटरात आहे."

"एवढं काय आहे त्यात?"

ती आमटी वाढता वाढता हसली. माझ्याकडे बघून नाही, पातेल्याकडे बघून.

"आहे एक," म्हणाली. "तुम्हाला नाही सांगायची."

ते हसणं मी ओळखत नव्हतो. भात कसा संपवला मला आठवत नाही.

दुपारी ती जरा पडली. मी टेबलाशी येऊन बसलो. त्यातलं एक तरी गाणं लावून बघावं असं मला वाटलंसुद्धा नाही. त्याचा आवाज मला माझ्या कानांत नको होता. बाकीची गाणी मी नव्या कॉम्प्युटरवर उतरवली. यादीतल्या त्या सतरा ओळी काढून टाकल्या. मग जुन्या कॉम्प्युटरातला तो फोल्डर पुसला, आणि तेवढ्यानं समाधान होईना म्हणून सगळी डिस्कच फॉरमॅट करायला लावली. जुना कॉम्प्युटर आम्ही आमच्या जैन पाठशाळेला देणार होतो, त्यामुळे तो पुसायचा होताच. पुसून होईपर्यंत मी पडद्यावरचा आकडा वाढताना बघत बसलो. मला बरं वाटत होतं. खोटं सांगत नाही, फार बरं वाटत होतं.

चारला पद्मजा तोंड धुऊन आली आणि नव्या कॉम्प्युटरपुढं बसली. तिनं पडद्यावरचं प्लॅस्टिक हलक्या हातानं सोलून काढलं. मग पेपर तपासावेत तशी यादी तपासायला लागली.

"ह्याला तीन. बरोबर. ह्याला एक, बरोबर. हे बघा, ह्या भजनाला चार, चार आल्यात." पंधरा-वीस मिनिटं ती वरखाली करत राहिली. मग मागं न बघता तिनं हात मागं केला आणि माझं मनगट धरलं. "सगळ्या आल्या हो. मला वाटलं नव्हतं."

त्या क्षणी सगळं थांबायला हवं होतं. पण तिनं मनगट सोडलं आणि विचारलं, "रौप्यमहोत्सव कुठं दिसेना?"

"तो फोल्डर खराब निघाला. उघडलाच नाही."

"सगळा?"

"सगळा."

"पहिलं पण?"

"सगळा म्हटल्यावर पहिलं पण आलंच की त्यात."

ती उठून जुन्या कॉम्प्युटरकडे वळली. "चालू करा हा. मी बघते."

"फॉरमॅट केला. पाठशाळेला द्यायचाय ना."

"पाठशाळेला जूनमध्ये द्यायचाय."

ती उभीच होती, एक हात त्या बंद कॉम्प्युटरवर ठेवून. आजारी माणसाच्या कपाळावर ठेवावा तसा. रडली नाही. ते बघून मला वाईट वाटायला हवं होतं, पण मला वाटलं, बघा, त्याच्यासाठी.

"एवढं काय होतं त्या तेरदाळ्यात?" मी म्हणालो. आवाज चढला होता. "गाणी गेली तर मेल्यासारखं तोंड करायला?"

तिनं माझ्याकडे बघितलं. भूगोलाची असली तरी मास्तरीण ती. पोरांचं खोटं ओळखायची रोजची सवय.

"फोल्डर खराब नव्हता," ती म्हणाली.

"नव्हता."

"तुम्ही पुसलात."

"पुसला. सतराच्या सतरा पाच चांदण्या! मला दोनाच्या तीन करायला तुझा हात चालत नाही, आणि त्याला सतरा वेळा पाच."

"सतरा?"

"मोजल्यात मी."

"ऐकलीत?"

"मी कशाला ऐकू? आकडे दिसतायत की समोर."

ती खुर्चीवर बसली. मग अगदी हळू, वर्गातल्या मठ्ठ पोराला सांगावं तसं तिनं सांगितलं.

"त्यातल्या एकालाच दिल्या होत्या मी. पहिल्याला. एकाला दिल्या की तो जुना प्रोग्राम त्या अल्बममधल्या न ऐकलेल्या गाण्यांना आपल्या अंदाजानं तेवढ्याच द्यायचा. फिक्या रंगात. त्या माझ्या नव्हेत. सकाळी तेच सांगत होते तुम्हाला. फिक्या आणू नका म्हणून."

माझ्या यादीत ठळक आणि फिकं असं काही नव्हतं. यादीत नुसते आकडे होते.

"मग सरांची गाणी?"

"ती मी परत लावलीच नाहीत. त्या दिवशी पुढं बसून दोन तास ऐकली होती की. पुरे झालं."

"आणि पहिलं?"

"पहिलं सरांचं नाही." तिनं जुन्या कॉम्प्युटरकडे बघितलं. "पहिल्यात तुम्ही होता."

मला कळेना.

"कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी माईक लावायला तुम्हाला बोलावलं होतं. सभागृहात कुणी नव्हतं. मी पार मागं, भिंतीवर कागदाची अक्षरं चिकटवत होते. सरांनी रेकॉर्डर माईकशेजारी चालू करून ठेवला होता आणि ते चहाला गेले होते. स्पीकरची वायर जोडायची राहिली होती. मला मागं काहीच ऐकू आलं नाही. घरी सीडी लावली तेव्हा ऐकलं."

"हॅलो हॅलो केलं असेल."

"नाही केलंत. माझं नाव घेत होता. पद्मजा मगदूम, पद्मजा मगदूम, मागच्या भिंतीपर्यंत येतंय का. मग म्हणालात, नाही आलं तरी चालतंय. दिसतीयस तू. तेवढं बास. आणि मग वायर शोधत शोधत ते म्हणायला लागलात. तुमच्या आई धार काढताना म्हणायच्या ते."

ते गाणं नव्हेच. म्हशीनं पान्हा सोडावा म्हणून आई तिच्या कासेशी बसून काहीतरी घोळवायची. त्याला शब्दही नाहीत. मी ते कधी म्हणतो हे मला माहीतसुद्धा नव्हतं.

"चार मिनिटं होतं," पद्मजा म्हणाली. "शेवटी वायर सापडली तेव्हा 'आयला' म्हणालात. तिथं संपायचं."

आमच्याकडे दिवस मावळायच्या आत जेवायची रीत आहे. मावळल्यावर मग पाण्याशिवाय काही नाही. त्या संध्याकाळी पोळ्यांची कणीक परातीत तशीच राहिली, उन्हं भिंतीवरून उतरून गेली, आणि दोघांपैकी कुणीही उठलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती डिस्क घेऊन मी सांगलीला एकाकडे गेलो. त्यानं तीन दिवस ठेवून घेतली आणि त्यातून पद्मजाच्या जुन्या प्रश्नपत्रिका तेवढ्या काढून दिल्या. मग राहिला एकच माणूस. त्याच्या दारात जाण्यापेक्षा मी पंचगंगेत उडी घेतली असती, पण गेलो.

तेरदाळे सर बनियनवर बसून पेटी पुसत होते. मला बघून गडबडीनं झब्बा शोधायला लागले.

"राहू दे सर. एक विचारायचं होतं. रौप्यमहोत्सवाचं मूळ रेकॉर्डिंग आहे का तुमच्याकडं?"

"नाही हो. रेकॉर्डर शाळेचा. दर कार्यक्रमाला पुसून वापरतोय. एक सीडी काढली होती, मॅडमसाठी."

"एकच?"

"एकच." त्यांनी फडकं घडी करून ठेवलं. "का? काय झालं?"

"पुसलं गेलं." मग मला वाटलं, इथवर आलोय तर पुरतं बोलावं. "मी पुसलं."

त्यांनी का म्हणून विचारलं नाही. आतून पाण्याचा तांब्या आणून माझ्यापुढं ठेवला.

"एक सांगू का मगदूमसाहेब? ती सीडी दिल्यावर आठ दिवसांनी मी मॅडमना विचारलं, कशी झालीत गाणी. आठवडाभर घसा सांभाळून गायलो होतो. ताक बंद, लोणचं बंद. त्या म्हणाल्या, सर, पहिला ट्रॅक. मी म्हटलं, मॅडम, ते माईक टेस्टिंग, कापायचं राहिलं माझ्याकडनं. तर म्हणाल्या, बरं झालं राहिलं."

"मला सूर कुठं कळतोय सर."

"नव्हताच लागला तुमचा सूर. खोटं का बोलू? मी ऐकलंय ते." ते पेटीचा भाता उगीचच दाबून बघत होते. "सोळा गाणी गायलो मी. त्यांतल्या एकाचंही त्यांनी नाव काढलं नाही. तुमच्याकडं चहाला येतो ना, तेव्हा तुमच्याकडं बघून दर वेळी ते आठवतंय."

"राग येतो?"

"राग कशाला? हेवा म्हणा."

सहा वर्षं आम्ही दोघं एका टेबलावर चहा पीत होतो आणि एकमेकांवर जळत होतो. मला हसू आलं नाही. मी पाणी प्यालो आणि निघालो. तेव्हापासून ते आले की मी स्वतः चहा करतो.

पद्मजा दोन महिने माझ्याशी कामापुरतं बोलली. कॉम्प्युटर उघडलाच नाही. शेवटी जुलैमधल्या एका रविवारी मी संघातला माईक घरी आणला, दार लावून घेतलं आणि बसलो. तिचं नाव घेतलं. मागच्या भिंतीचं म्हणालो. आईचं ते घोळवलं, आठवत आठवत, जमेल तेवढं सुरात. सात वेळा केलं. त्यातलं सातवं बरं वाटलं, ते नव्या प्रोग्रामात घातलं, आणि अल्बमचं नाव 'रौप्यमहोत्सव' दिलं.

"ऐकतेस?" मी तिला विचारलं.

ती आली. हात मांडीवर ठेवून बसली आणि शेवटपर्यंत ऐकलं. मी तिच्या मागं उभा राहून तिच्या हाताकडे बघत होतो. गाणं संपलं. तिनं माउस हातात घेतला आणि चांदण्या दिल्या. एक, दोन, तीन.

"तीन?"

"तीन."

"काय कमी पडलं?"

"ह्यात तुम्हाला माहीत आहे, मी ऐकणार आहे ते." मग जरा थांबून म्हणाली, "आणि आयला नाही म्हणालात."

पुन्हा ती माझ्याशी पहिल्यासारखी बोलायला लागली ती त्या दिवसापासून. पण चांदणी वाढवली नाही, आणि मीही कधी मागितली नाही. मशीन दाखवेल तीच फॅट.

ह्याला आता बारा वर्षं झाली. तिच्या आता ब्याण्णव पाच-चांदण्या आहेत. मधे दोनदा कॉम्प्युटर बदलला, दोनदा प्रोग्राम. दर वेळी चांदण्या मीच नेतो. एकेक अल्बम उघडून बघतो, कुठल्या ठळक, कुठल्या फिक्या, आणि शंका आली तर तिला हाक मारून विचारतो. तेरदाळे सरांचा आता मला काही हेवा वाटत नाही. वाटतो तो त्या रिकाम्या सभागृहात वायर शोधणाऱ्या माणसाचा. त्याला फुकट मिळालं होतं ते, आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता.

गेल्या महिन्यात तिसऱ्यांदा बदल केला. सगळं जागेवर आलंय का बघायला पद्मजा बसली, आणि तपासता तपासता तिनं माझं ते रेकॉर्डिंग लावलं. शेवटपर्यंत ऐकलं. संपलं, खोलीत शांत झालं, आणि मी नेहमीसारखा मागं उभा राहून तिच्या हाताकडे बघत राहिलो. हात मांडीवरच होता. जरा जास्त वेळ होता, असं मला तरी वाटलं.

मग तो उठला, माउसवर गेला, आणि तिनं पुढचं गाणं लावलं.